डाव्या अंगाचा पाटा

भडगावच्या उखर्डू पाटलांची मोटार ज्या दिवशी सुरू झाली, त्याच दिवशी ती बसली.

बसली म्हणजे बंद पडली नव्हे. इंजिन चालू होतं, भोंगा वाजत होता आणि धूर इतका निघत होता की चावडीसमोरची मंडळी एकमेकांना आवाजावरून ओळखत होती. पण मोटारीत मागच्या बाजूला पाटलांनी गावातली चार वजनदार माणसं मोठ्या मानानं बसवली होती आणि ती खरोखरच वजनदार होती. चावडीपुढच्या नालीवरून चाक गेलं, खालून कडाड असा आवाज आला आणि मोटार डाव्या अंगावर बसली. म्हैस बसते तशी, आधी मागून. चारही प्रतिष्ठित माणसं घरंगळत एकमेकांवर गेली. सगळ्यात खाली पोलीस पाटील होते. ते नंतर दोन महिने उखर्डू पाटलांशी बोलले नाहीत.

मगन मिस्त्री मोटारीखाली शिरला. हा मूळचा जळगावच्या जिनिंगमधला फिटर. गेले सहा महिने तो पाटलांच्या खळ्यात मुक्कामाला होता. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"आबा, पाटा गेला."

"कोठे गया?" पाटलांनी रस्त्यावर मागं वळून पाहिलं.

"गेला म्हणजे तुटला. डाव्या अंगाचा. मुख्य पाटा."

मोटारीच्या अंगाखाली पोलादी पट्ट्यांची कमान असते आणि सगळी मोटार तिच्यावर तोललेली असते, हे पाटलांना त्या दिवशी कळलं. एकाखाली एक असे सात पाटे. त्यांतला सगळ्यात वरचा, सगळ्यात लांब पाटा तो मुख्य. त्याची दोन्ही टोकं कानासारखी वळवलेली असतात आणि त्या कानांत पिना घालून तो मोटारीला अडकवतात. बाकीचे सहा एक वेळ कुठूनही जमवता येतात, पण हा कानवाला पाटा जोडून चालत नाही आणि दुसऱ्या मोटारीचा बसत नाही.

गावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या धावेचं लोखंड ठोकून एक पाटा करून दिला. तो मोटारीखाली घातल्यावर वाकला. वाकायला हरकत नव्हती, पाट्यानं वाकायचंच असतं. पण वाकून परत वर यायचं असतं, हे त्या लोखंडाला कुणी सांगितलं नव्हतं.

ही मोटार धुळ्याच्या कचेरीच्या आवारात निंबाखाली बारा वर्षं उभी होती. पहिल्या लढाईच्या आधी रस्त्यांच्या कामावरच्या एका इंग्रज इंजिनिअरनं ती आणली होती. त्यानं एकसारख्या दोन मोटारी आणल्या होत्या, एक फिरायला आणि एक तिचे भाग काढायला. पुढं साहेब विलायतेला गेला. कचेरीनं निंबाखालच्या मोटारीचा लिलाव पुकारला, तेव्हा उखर्डू पाटलांनी ती घेतली आणि बैल जुंपून भडगावला आणली. तिच्या गादीत कोंबड्यांची तिसरी पिढी नांदत होती. मगननं ती मोटार नटबोल्टापर्यंत सोडवली, घासली, पुन्हा जुळवली. हूड नवं, गाद्या नव्या, रंग असा की शेजारणी त्यात बघून कुंकू लावून जात. फक्त कमानींकडं त्यानं पाहिलं नाही. त्या चांगल्या दिसत होत्या.

आता घोळ असा होता की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, अठरा दिवसांवर आली होती. पाटलांच्या प्रमिलाची लग्नानंतरची ही पहिली आखाजी. लेकीला सासरहून आणायचं आणि ते मोटारीनं आणायचं, यासाठी तर सगळा खटाटोप. लग्नात पाटलांचे व्याही, सोनगीरचे झुलाल नाना, कमानीची दमणी, छपराची हलकी बैलगाडी, घेऊन आले होते. नवरी बसवताना भर मांडवात ते म्हणाले होते, "आम्हनी दमणीमा दूधना भरेल तांब्या ठेवा. सोनगीरपावत एक थेंब सांडाव नही." आणि एवढं बोलून त्यांनी पाटलांच्या छकड्याकडं एकदाच पाहिलं होतं. बोलले काही नाहीत. बोलले असते तर पाटलांना सोसलं असतं.

त्यामुळं इंजिन पहिल्यांदा खोकलं त्याच दिवशी पाटलांनी सोनगीरला पत्र टाकलं होतं. 'चि. सौ. प्रमिलास आखाजीस नेण्यासाठी आम्ही स्वतः मोटारीने येत आहो. अंगणातील गाडी-बैल हलवून जागा करून ठेवावी. मोटारीस वळावयास जागा लागते.'

"ते पत्र टाकायची घाई नव्हती," मगन म्हणाला.

"तू मोटारखाले जाय," पाटील म्हणाले.

मुंबईला तार करायचं ठरलं. पोस्टमास्तर म्हणाले, तारेत कमीत कमी शब्द लिहायचे असतात. पाटलांनी इतके कमी केले की 'मोटार' हा शब्दच गळाला. 'एक मोठी स्प्रिंग डावी तातडीने पाठवा' एवढंच मुंबईच्या एका दुकानाला गेलं. सातव्या दिवशी कजगाव स्टेशनवर लाकडी खोका आला. मगन बैलगाडीनं तो घेऊन आला. वाटेत वजन हलकं लागतंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण विलायती पोलाद हलकं असेल म्हणून तो गप्प राहिला. खोका उघडला. आत गादीच्या खुर्चीच्या बारा स्प्रिंगा होत्या, गोल गोल वेटोळ्याच्या. सोबत चिठ्ठी: 'एक सुटी मिळत नाही, डझन घ्यावी लागते. डावी-उजवी सारखीच असते.'

शेवंताबाईंनी एक स्प्रिंग हातात घेऊन दाबून पाहिली. संसाराला तीस वर्षं झाली होती, त्यामुळं नवऱ्यावर ओरडायची त्यांची सवय गेली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या पायखाले बांधा आनि उड्या मारत सोनगीरले जा. बठ्ठासना पयले पोचशात."

पाटील दुसऱ्या दिवशी मगनला घेऊन प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं धुळ्याला गेले. साहेबाच्या दुसऱ्या मोटारीचं काय झालं, एवढंच विचारायचं होतं.

"ती तुमच्या आधीच मोडीत गेली," कचेरीतले नाझर म्हणाले. "लोहारगल्लीत लोटन लोहार आहे, त्यानं घेतली. पण घाई करा. तो फार कामसू माणूस आहे."

लोटन लोहार खरंच कामसू होता. पाटलांनी चौकशी करताच त्याचा चेहरा उजळला.

"तुम्हनी मोटारनी बहीण का? भलतं चोख पोलाद व्हतं, आबा. बठ्ठी कापी टाकी मी." त्यानं कनवटीचा अडकित्ता काढून पाटलांच्या हातात दिला. "हाऊ पुढला पाटा. त्या भिंतवरला विळा, त्या बी पुढलाच. आनि वाडीमा तीन कुऱ्हाडी दिध्यात, त्या अजून घासा पडत नहीत."

आपल्या नात्यातल्या कुणाचे तरी तुकडे दाखवत आहेत असं पाटलांना वाटलं. अडकित्ता त्यांनी हळूच खाली ठेवला. "मांगल्या कमानी? दोन्ही कान आसेल पाटा?"

"मांगल्या नही कापात. आख्ख्या दिध्यात. एक पाटील उना व्हता, त्याले दमणीले लावान्या व्हत्या."

"कोन पाटील?"

"सोनगीरना झुलाल नाना."

उखर्डू पाटील तिथल्या तिथे ऐरणीवर बसले. नशिबानं ती थंड होती. मगनला मात्र आनंद झाला.

"घरातच निघाला की पाटा, आबा. व्याह्यांना मागायचा."

"मगन, तुले पोर शे का?"

"नाही."

"मंग तू बोलू नको."

मुलीचा बाप मुलाच्या बापाकडं एरवीही काही मागत नाही. इथं तर ज्या दमणीला खाली बघायला लावायचं म्हणून मोटार घेतली, त्याच दमणीच्या अंगाखालचं काढून द्या म्हणायचं. त्यापेक्षा लेकीला डोक्यावर बसवून आणणं सोपं होतं. शेवटी मगननं मधली वाट काढली. आधी नुसतं बघून यायचं. कमानी खरंच त्याच आहेत का, मापात बसतात का. त्याच नसल्या तर मागण्याचा प्रश्नच नाही. पाटलांना हे पटलं, कारण त्यांना त्या कमानी दुसऱ्याच कुणाच्या तरी निघाव्यात असं मनापासून वाटत होतं.

सोनगीर धुळ्याजवळच, म्हणून निघतानाच लेकीसाठी शेवंताबाईंनी हळदकुंकवाची पुडी आणि खण दिला होता. तेवढं निमित्त पुरेसं होतं. दुपारच्या सुमारास दोघं सोनगीरला पोचले. झुलाल नाना मळ्यात गेले होते, प्रमिला विहिरीवर. विहीणबाई, तानुबाई, चुलीपाशी होत्या. पुढच्या अंगणात कुणी नव्हतं आणि पत्र्याखाली दमणी उभी होती. तिच्यावर गोधडी पांघरली होती. चाकांना धुळीचा कण नव्हता. व्याही वस्तूची काय निगा राखतात, असं वाटून पाटलांना थोडी लाजच वाटली.

"आबा, तुम्ही नजर ठेवा. मी पटकन खाली जातो," मगन कुजबुजला.

पटकन काही होईना. कमानींवर गंज चढला होता आणि कंपनीचा छाप दिसत नव्हता. मगननं खालून हात बाहेर काढला. "लिंबू." अंगणातच झाड होतं. पाटलांनी एक लिंबू तोडून, चाकूनं कापून दोन फोडी दिल्या. मगननं त्या गंजावर चोळल्या. मग लांबी घ्यायची तर मगनची मापपट्टी लोटन लोहाराच्या भात्यापाशी राहिलेली. पाटलांनी गळ्यातला काळा दोरा काढून दिला. दोरा मापात अपुरा पडला, म्हणून जिथं जिथं तो संपला तिथं तिथं गाठ मारून पुढं धरावा लागला. पाट्यावर खूण करायला खडू नव्हता. होती ती हळदकुंकवाची पुडी. आणि मगनला दोन्ही हात कमी पडायला लागले, तेव्हा पाटील स्वतःच धोतर सावरून दमणीखाली शिरले आणि कुंकू लावलेल्या पाट्यावर बोटं ठेवत हलक्या आवाजात मोजू लागले. "एकवीस… बावीस… तेवीस…"

तानुबाई घमेलं घेऊन बाहेर आल्या. त्यांना दमणीखालून बाहेर आलेले चार पाय दिसले. त्यांतल्या दोहोंत व्याह्यांचे नवे कोल्हापुरी जोडे होते. शेजारी अर्धं लिंबू. चाकाला गाठी मारलेला काळा दोरा. कमानीला कुंकू. आणि आतून काहीतरी पुटपुटण्याचा आवाज.

त्यांनी घमेलं हळूच खाली ठेवलं. "इहाई, काय करी राह्यनात?"

पाटलांचं डोकं आसावर आपटलं. "काही नही, इहीनबाई. दमणी दखी राह्यनू."

"खालतून?"

तानुबाई वळल्या, कुंपणापाशी गेल्या आणि शेजारच्या भिकुबाईंशी काहीतरी बोलल्या. दोघं दमणीखालून सरपटत बाहेर येईपर्यंत अंगणात पंधरावीस माणसं जमली होती. सगळे लिंबापासून हातभर अंतर राखून उभे होते. करणी केली, हे कुणी बोलत नव्हतं. पण भिकुबाई म्हणाल्या, गेल्या साली त्यांच्याकडं असेच एक व्याही येऊन गेले आणि म्हैस आटली. कुणीतरी भगताला बोलवायला निघालं. तेवढ्यात झुलाल नाना मळ्यातून आले. लिंबू पाहिलं, दोरा पाहिला, मग व्याह्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिथंही कुंकू लागलं होतं.

"लिंबू कसाले, पाटील?" त्यांनी विचारलं.

उखर्डू पाटलांपुढं दोनच वाटा होत्या. सगळ्या सोनगीरसमोर करणी करणारा व्याही व्हायचं, किंवा मोटार मोडलेला व्याही व्हायचं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी क्षणभर करणीचा विचार केला. करणी करणाऱ्याला लोक निदान भितात.

प्रमिला डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली ती याच वेळी. तिनं वडिलांच्या तोंडावरचं कुंकू पाहिलं, मगनचे तेलकट हात पाहिले. हंडा उतरवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आबा, मोटार बिघडनी का?"

"हां," पाटील म्हणाले. "पाटा तुटना."

आणि एकदा बोलायला लागल्यावर मग ते थांबेनात. चावडीपुढची नाली, मुंबईच्या स्प्रिंगा, लोटन लोहाराचा अडकित्ता, सगळं सांगितलं. लोकांची निराशा झाली. भगताला बोलवायला गेलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत आणावा लागला. भिकुबाईंचं मात्र समाधान होईना. पाटा-बिटा असेल, पण लिंबू ते लिंबू. ज्यानं ते चिरलं त्यानंच खावं, म्हणजे खरं-खोटं दिसेल, असं त्यांनी सुचवलं आणि ते सगळ्यांना रास्त वाटलं. चिरलं पाटलांनी होतं. पण व्याह्यांना उष्टं-गंजकं खायला कसं घालायचं? म्हणून दोन्ही फोडी मगनला दिल्या. मगननं बारा-पंधरा वर्षांच्या गंजासकट त्या खाल्ल्या. त्याला काही झालं नाही, फक्त त्याचा चेहरा बराच वेळ सरळ होईना.

झुलाल नानांनी मंडळींना वाटेला लावलं. मग ते पाटलांना म्हणाले, "आठे या. दमणीमा बसा."

"नाना, मी मांगाले नही उनू. नुसतं दखाले…"

"बसा तर खरं."

पाटील दमणीत चढून बसले. नानांनी इकडंतिकडं पाहून घेतलं, दांडीला हात घातला आणि दमणी एका विटेवरून पुढं ओढली. पाटील वर उडाले. खाली आले ते पुन्हा वर उडाले. दुसऱ्यांदा खाली आल्यावर त्यांनी कठडा घट्ट धरला.

"आशी शे," झुलाल नाना खालच्या आवाजात म्हणाले. "हाई कमान मोटारना वजननी. दमणीमा चार माणसं बसनात तरी ती दबस नही. दगडवर बसेल बरं. प्रमिलाले लई येतांना पारोळापावत आम्ही बसेल व्हतूत. पारोळापुढे नवरा-नवरी बठ्ठी वाट पायी उनात, दमणीना मांगे. तुम्हनी इहीनना एक दात गया."

पाटलांनी विचारलं, "आनि दूधना तांब्या?"

"तांब्या बी गया. तो सापडनाच नही."

नाना म्हणाले, वर्ष झालं, गोधडी घालून ठेवली आहे. कुणी विचारलं तर बैल आजारी आहेत म्हणतो. दोन बैल वर्षभर आजारी आहेत आणि नांगराला चांगले चालतात, हे आता गाव बघतंय. कमानी काढाव्यात तर लोक विचारतील, का काढल्या? तुम्ही पत्रात अंगणातून गाडी-बैल हलवायला सांगितलंत, तेव्हाच ही दमणीही कुठं तरी हलवता आली तर बरं, असं वाटलं होतं.

"तुम्ही मांगा," नाना म्हणाले. "पन बठ्ठासमोर मांगा. तीनदा मांगा. दोनदा मी नही म्हनसू."

तसंच झालं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर उखर्डू पाटलांनी हात जोडून सांगितलं की सोनगीरच्या पाटलांच्या कमानीशिवाय आपली मोटार चालणार नाही. झुलाल नाना दोनदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा ते इतकं मनापासून नाही म्हणाले की पाटील घाबरले. तिसऱ्यांदा त्यांनी सुस्कारा टाकला आणि सुनेच्या पहिल्या आखाजीसाठी म्हणून दोन्ही कमानी दिल्या. पाराखाली उतरताना ते पाटलांच्या कानाशी लागले. "मोटारमा पुढे मी बसाव, बरं का."

मगननं कमानी सोडवल्या. सर्व्हिस मोटारीत एकेक मांडीवर घेऊन दोघं भडगावला आले. मगननं आयुष्यात प्रथमच एखादी वस्तू पहिल्या फटक्याला बसवली. आता पाटा जागच्या जागी, त्याच्या दोन्ही कानांत जाडजूड पिना, मोटार दोन्ही अंगांनी सारखी. आखाजीच्या दोन दिवस आधी ती सोनगीरला पोचली. अंगण रिकामं होतं. वळायला भरपूर जागा होती.

फक्त बसायला उरली नाही. पुढं मगनशेजारी झुलाल नाना चढले. कमान आमची, म्हणून मागं तानुबाई चढल्या. कमान सोनगीरची, म्हणून भिकुबाई चढल्या, आणि पाटलांना व्याह्यांच्या मंडळींना नाही म्हणता येईना. पाटील स्वतः पायरीवर उभे राहिले. ज्या लेकीसाठी मोटार आणली होती ती आणि जावई मागून सर्व्हिस मोटारीनं निघाले आणि दोन तास आधी पोचले.

मोटारीनं आलेले पाहुणे एका दिवसात परत जात नाहीत. झुलाल नानांनी खळ्यात बाज टाकून घेतली आणि खापरावरचे मांडे आणि आमरस यांच्याशी त्यांची अशी गट्टी जमली की ते गावातल्या कुणाकडं गेले नाहीत. इकडं प्रमिलाची आखाजी झाली होती कठीण. आखाजीला लेक माहेरी येते ती चार दिवस सासूच्या नजरेआड हुंदडायला. इथं सासूच सोबत आलेली. आपल्याच आईच्या घरात ती डोक्यावर पदर घेऊन सासऱ्यांना तिसऱ्यांदा चहा नेऊन देत होती. पाटलांनी ते पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं की लेकीला छकड्यातून आणलं असतं तर बरं झालं असतं.

शेवंताबाईंनीही पाहिलं. त्या तानुबाईंपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "इहीनबाई, मांगे निंबले झोका बांधेल शे. चाला."

"मी?" तानुबाई म्हणाल्या. "मन्हं वय शे का झोकानं?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "बावीस वरीस व्हयनात. माय गयी, मंग भाऊ बी गया. आखाजीले माले कोनी लेवाले नही उनं."

"आते उनात ना. मोटार लई सन."

एकच झोका घेते, म्हणून तानुबाई बसल्या. दुपारपर्यंत त्या खाली उतरल्या नाहीत. गावातल्या माहेरवाशिणी गोळा झाल्या, त्यांनी गाणी म्हटली. तानुबाईंना त्यांच्यापेक्षा जास्त गाणी येत होती आणि त्यांतली काही अशी होती की ती ऐकून मगन मिस्त्री मोटारीखाली शिरला. प्रमिला आईच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. मगननं मोटार बाहेर काढायच्या आधी खाली डोकावून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"आबा, डाव्या पाट्याच्या कानातली पिन नाही. काल संध्याकाळी मी तेल दिलं तेव्हा होती. कुणीतरी चाप काढून पिन ओढून घेतलीय."

पिन अंगठ्याएवढी जाड आणि बोटभर लांब. तिच्याशिवाय मोटार हलणार नाही. दिवसभर शोध झाला. खळं झाडलं, गोठा झाडला, कडब्याची गंजी हलवली. झुलाल नाना बाजेवरून कुठं शोधायचं ते सांगत होते आणि मधूनच मांडा मागत होते. दुसऱ्या दिवशीही शोध चालूच राहिला. "मोटारशिवाय मी नही जाऊ," तानुबाई झोक्यावरून म्हणाल्या. "हाडं खिळखिळी व्हतस."

त्या दुपारी उखर्डू पाटील मोटारीपासून निंबापर्यंतची जमीन गुडघ्यांवर रांगत चाचपत होते. तानुबाईंचा झोका उंच गेला, खाली आला, पुन्हा उंच गेला. त्यांच्या कनवटीतून काहीतरी निसटलं आणि पाटलांच्या हातापाशी येऊन पडलं. तेलकट, अंगठ्याएवढं जाड.

पाटलांनी ते उचललं. झोका थांबला. तानुबाई त्यांच्याकडं बघत होत्या. पलीकडं ओसरीवर प्रमिला मैत्रिणींबरोबर काचपाणी खेळत होती आणि खो खो हसत होती. खळ्यातून मगन ओरडून विचारत होता, सापडलं का काही?

पाटील उठले, गुडघे झटकले आणि दोन पावलं पुढं होऊन हात लांब केला.

"इहीनबाई," ते म्हणाले, "तुम्हनी सुपारी पडनी."

तानुबाईंनी ती घेतली आणि कनवटीला नीट खोचली.

"मगन," पाटलांनी मागं वळून हाक दिली, "आठे काही नही. गोठाकडे दख."